आबांनी उचललेला रिसीव्हर

कपाट आवरताना जुना मोडेम हाताला लागला. फेकायला म्हणून काढला आणि पुसतच बसलो. हल्ली कुठलंही काम पुरं करायचं त्राण राहत नाही.

उमरग्यात आमच्या गल्लीतला पहिला मोडेम माझा. "छप्पन केचा आहे, लई फास्ट," असं मी येईल त्याला ऐकवायचो. इंटरनेट फोनच्याच लाइनवरून यायचं, त्यामुळे तो चालू असला की घरचा फोन बंद.

त्या दुपारी मी नोकरीचा अर्ज ईमेलनं पाठवत होतो. दोनदा लाइन तुटली होती. तिसऱ्यांदा निळी पट्टी शेवटाला आली आणि बाहेरच्या खोलीत वडलांनी रिसीव्हर उचलला. मोडेमच्या त्या कर्कश खरखरीलाच आबा अदबीनं म्हणाले, "हॅलो? बोला, ऐकतोय मी."

लाइन पुन्हा तुटली. मी ओरडलो, "आबा, किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

रिसीव्हर हातातच धरून ते हळूच म्हणाले, "ताईचे दिवस भरलेत. लोहाऱ्याहून तिच्या सासरचा फोन यायचाय न्हवं. लाइन चालू हाय का न्हाय, तेवढं बघितलं."

मी मान वर केली नाही. पुन्हा मोडेम जोडला. अर्ज गेला, नोकरी लागली, आता तीही संपत आली.

लेक पुण्यात असते. तिचा फोन येऊन आठवडा झाला. तिच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसतं.

मोडेम परत कपाटात ठेवला. मग खिशातला मोबाइल काढला. रेंज आहे का नाही, तेवढं बघितलं.