पाण्याची वेणी

एका मंगळवारी दुपारी माझी पत्नी गेली. मी इथे सिंगापूरात, जुरोंग ईस्टला ऑफिसात होतो, मुलगी युनिव्हर्सिटीत होती. हॉस्पिटलमधून फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

महिन्याभराने मी कामावर परतलो. समुद्राच्या तळातून तेल वर आणणारे पाईप हा माझा विषय. हजार-दीड हजार मीटर लांब आणि त्या मानाने इतके बारीक, की पाण्यात ते दोरीसारखे वागतात. प्रवाहात थरथरतात, आणि वर्षानुवर्षं थरथरून धातूला चिरा पडतात. पाईप समुद्रात उतरण्याआधी तो किती थरथरेल, हे मी कॉम्प्युटरवर पाहतो.

पत्नीला हे काम कळलं होतं ते पुलाउ उबीनला. एका रविवारी बेटावर सायकली फिरवून आम्ही धक्क्यावर आलो. बारा माणसं जमल्याशिवाय बोट सुटत नाही, आणि आम्ही होतो नऊ. पायरीवर बसून तिने हातातली वेताची काठी पाण्यात धरली. प्रवाहाला ओढ होती. काठी तिच्या मुठीत डावी-उजवी हलू लागली. पाणी समोरून येतंय, मग काठी आडवी का जाते, असं तिने विचारलं. मी सांगितलं, की काठीच्या मागे भोवरे सुटतात, एक डावीकडून, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून, आणि प्रत्येक जण सुटताना काठीला हिसका देतो. ती बराच वेळ काठी धरून बसली.

"अहो, म्हणजे तुम्ही दिवसभर पाण्याच्या वेण्या बघत बसता?"

मी इतका हसलो की बोटवाल्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं. काठी तिने घरी आणली. तेव्हापासून मी दारात चपला काढत असताना आतून प्रश्न यायचा, "आज वेणी पडली का?" शेजारणीला वाटायचं, आमच्याकडे मुलीच्या केसांची फारच काळजी घेतात.

परतल्यावरचं पहिलंच काम सोपं होतं. पाण्याच्या टाकीत एका पाईपवर प्रयोग झाला होता, तोच पाईप मला कॉम्प्युटरवर हलवून दाखवायचा होता. टाकीतला पाईप मजेत डुलत होता. माझा खांबासारखा उभा. वजन तपासलं, ताण तपासला, पाण्याचा वेग तपासला. सगळं बरोबर. दोन आठवडे गेले. महिनाअखेरपर्यंत पाईप हलला नाही तर आता हे आपल्याच्याने होत नाही असं समजायचं, राजीनामा द्यायचा आणि बुकित बातोकचा फ्लॅट सोडून पुण्याला बहिणीकडे जायचं, असं मी ठरवलं. मुलीलाही तसं सांगितलं. तिचं शिक्षण इथेच चालू होतं.  शनिवारी मी घरी कॉम्प्युटरसमोर असताना ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली.

पडद्यावर पाईपच्या मागे दोन भोवरे होते, एक निळा, एक लाल. दोघेही जागच्या जागी फिरत होते.

"बाबा, दोन्ही साइड सेम टू सेम आहेत लाह." इथल्या मुलांसारखं हे 'लाह' तिच्या बोलण्याला चिकटलेलं असतं.

असायलाच हव्यात, मी म्हणालो. हिशेबासाठी पाण्याचे बारीक चौकोन पाडून एक जाळी करावी लागते. मी अर्धी जाळी काढून तीच आरशातल्यासारखी दुसऱ्या बाजूला उलटवली होती. एका चौकोनाचाही फरक नव्हता, आणि मला त्याचा थोडा अभिमानच होता.

"मग वेणी पडणार कशी? सुरुवात कोण करणार? आई आधी एक बट ओढायची. आणि जोरात ओढायची लाह. शाळेत जाईपर्यंत डोकं दुखायचं."

 कामावर आलेल्या प्रत्येक नवख्याला मी हेच शिकवत आलो होतो. खऱ्या पाण्यात कुठे ना कुठे वाकडेपणा असतोच. कॉम्प्युटरवर तो आपल्याला घालावा लागतो, नाहीतर दोन्ही भोवरे एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत बसून राहतात. पत्नी गेल्यापासून मी स्वयंपाकघरातले डबे एका रेषेत लावत होतो, उशी पलंगाच्या बरोबर मध्ये ठेवत होतो. जाळीही त्याच हाताने झाली होती.

पाण्याला एका बाजूने जरासा धक्का दिला आणि गणित पुन्हा चालू केलं. ते होईपर्यंत खाली जाऊन प्राटा, म्हणजे इथला पराठा, खाल्ला. मुलीने माझ्या ताटलीतलाही अर्धा संपवला.

वर आलो तेव्हा निळा भोवरा फुगला होता. आमच्यासमोर तो सुटला. मग लाल सुटला. पाईप केसभर सरकला, परत आला, मग बोटभर सरकला. मुलगी मोठ्याने मोजू लागली, डावा, उजवा, डावा. मीही मोजू लागलो. पाईपमागे पडद्याच्या टोकापर्यंत निळ्या-लाल पेडांची रांग लागली.

"आज वेणी पडली का?" तिने थेट आईच्या सुरात विचारलं.

"पडली," मी म्हणालो.

राजीनामा मी दिला नाही. आम्ही दोघं त्याच फ्लॅटमध्ये राहतो. काठी दारामागे आहे. उबीनला जाताना ती बरोबर असते.