निजलेले रातबगळे

कांदळवनातली ही सहल सगळी मीच ठरवली. ह्यांची रजा, मुलीची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे आणि खाडीची भरती यांचा मेळ घालता घालता मी दमून गेले होते. होडी भरतीलाच सुटते. "पाणी आलं की या. पाणी काही तुमच्यासाठी थांबायचं नाही," होडीवाल्या सुषमाताई फोनवर म्हणाल्या होत्या. मला हसू आलं नाही. माझ्यासाठी घरात तरी कोण थांबतं?

तिथे गावातल्या बायकाच होडी वल्हवतात. सासूबाईंना पाठीला उशी दिली, मुलीला टोपी घातली, रातबगळे बघायला ह्यांच्या हातात दुर्बीण दिली आणि पिशवी मांडीवर घेऊन मी टेकले. दोन्ही बाजूंनी कांदळाच्या फांद्या पाण्यावर वाकल्या होत्या. एवढंच मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा होडी थांबली होती. वर उचललेल्या वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं. कोणीच बोलत नव्हतं, माझी मुलगीसुद्धा. घरी माझी झोप म्हणजे पुढची हाक येईपर्यंतचा वेळ. इथे हाकच आली नव्हती.

"रातबगळे दिसले?" मी दचकून विचारलं.

"ते मघाशीच मागे राहिले, वैनी," सुषमाताई हळूच म्हणाल्या. "दिवसा निजतात ते. निजलेल्याजवळ आम्ही वल्हं मारत नाही."

"मग आता कशाला थांबलोय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वल्हं पाण्यात घातलं.