जंगल समजून वगळलेला कोपरा

वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की मला तळोद्याचं ते कार्यालय आठवतं. तिथे मी जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करणं, शिकत होते. उपग्रहाच्या चित्रावर मी शेताची हद्द आखायची आणि वनजमीन कसणाऱ्या दावेदाराला तेवढ्याच जमिनीचा वनहक्क मिळायचा. एका म्हाताऱ्याच्या शेताचा कोपरा गर्द हिरवा दिसला आणि मी तो जंगल समजून वगळला. तो शेजारीच उभा होता. म्हणाला, "मॅडम, जंगल नाय ते. आमचे मोह. खाली ज्वारी पेरतो." मी शिकवणाऱ्या सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ताई, सेव्ह कर, पुढलं ले. आते येळ नही." मी तो कोपरा वगळूनच सेव्ह केलं. "झालं ना बरोबर?" म्हाताऱ्याने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. आता मीच इतरांना शिकवते. त्याच्या दाव्याचं काय झालं, हे शोधायला मला मिनिटही लागणार नाही. मी शोधलेलं नाही.