बिनफरशीचा पूल

ओढ्यावरच्या नव्या पादचारी पुलावर माझी लेक मध्येच वाकली आणि पाणी जायच्या भोकात अडकलेली पानं बोटानं काढू लागली. ती इंजिनिअर आहे. हा पूल तिचाच. इथला जुना पूल माणसांसकट कोसळला, तो पुरानं नव्हे, आपल्या सगळ्यांच्या हौसेनं. दर निवडणुकीआधी फरशीवर नवी फरशी, गंजावर नवा रंग. वजन वाढत गेलं, भोकं बुजली आणि आतलं लोखंड सडलं. यंदाही नगरसेवक म्हणाले, "ताई, फरशी टाका, शोभा येईल."

"साहेब, तडा गेला तर दिसायला हवा," म्हणत ती अडून बसली.

"कुणी बांधला हा बोडका पूल?" शेजारून जाणारे एक आजोबा पुटपुटले.

"आमच्या मुलीनं," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच.