उंबराच्या बुडाशी

बदलापुरात धोक्याचं झाड उतरवायचं असलं की लोक हिरामणचं नाव घेत. हेंद्रेपाड्यातल्या सोसायट्या असोत की अंबरनाथच्या कारखान्यांची आवारं, निरोप त्यालाच जायचा. त्याची बायको वेणू खाली दोर धरून उभी असे. तिचं नाव कोणी विचारत नसे. 'हिरामणची बाई, खाली असते ती,' एवढ्यावर लोकांचं भागायचं. वर चढलेल्या माणसाकडे सगळे माना वर करून बघतात. त्याचा जीव खाली कोणाच्या हातात आहे, हे बघायची तसदी कोण घेतो? वेणूलाही त्याचं काही वाटत नसे. कोणी बघत नाही तेच बरं, हात मोकळे राहतात, असं ती म्हणायची.

बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका पाड्यातून ती लग्न होऊन आली, तेव्हा हिरामणच्या दोरावर एक गडी असे. गडी अंगाने रेडा आणि अकलेनेही तसाच. एकदा वेणू डबा घेऊन गेली, तर फांदी दोराला लटकलेली आणि हा पठ्ठ्या एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने तंबाखू मळतोय. दोर सुटला. वेणूने डबा फेकला, दोराचं शेपूट पकडलं आणि शेजारच्या नारळाला दोन वेढे मारले. तळहाताची साल गेली, पण फांदी कौलावर पडायची थांबली. हिरामण खाली उतरला, गड्याला घरी पाठवलं आणि बायकोला म्हणाला, "उद्यापासून तू." या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. कापायच्या फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून घालून खाली आणायचा आणि दुसऱ्या एखाद्या पक्क्या झाडाला तीन वेढे द्यायचे. हिरामणने करवतीची मशीन फिरवली की फांदी सुटते आणि सगळं वजन दोरावर येतं. अडाणी माणूस अशा वेळी दोर करकचून धरतो आणि तिथेच फसतो. एका बाजूला फांदी ओढते, दुसऱ्या बाजूला खालचा माणूस ओढतो, म्हणजे बेचक्यावर दोन्हींचा भार. त्यात फांदी एकदम थांबवली, तर असा हिसका बसतो की चांगलं झाडही हादरतं, मग कुजक्याची काय कथा. "फांदी थांबवाची नाय, मंदवाची," हे हिरामणचं सांगणं. वेणू वेढ्यांमधून दोर असा सोडायची की पाच मणांचं लाकूड जमिनीला टेकताना आवाज करत नसे.

चढण्याआधी दोघांचा एक रिवाज होता. आदल्या दिवशी संध्याकाळी वेणू झाडाला हळदकुंकू वाहायची, नारळ ठेवायची आणि म्हणायची, "उद्या येतंव. ज्याला जायाचा हाय त्याने जावा." पाखरं, मुंग्या, आणखी कोणी जे असेल ते, सगळ्यांना ही सूचना. दुसऱ्या दिवशी हिरामण कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकत झाडाभोवती फिरायचा. मुळापासून सुरुवात करायची, डोक्याच्या वर हात पोचेल तिथवर जायचं. भरीव लाकूड टणकन बोलतं, पोकळ लाकूड ढब्ब करतं. ढब्ब आलं की तो चढत नसे. "हायड्रा बोलवा," असं सांगून बिडी पेटवायचा. हायड्रा म्हणजे ती क्रेनची गाडी. मग क्रेनचा हूक झाडाला धरायचा आणि हिरामण दुसऱ्या आधारावर उभा राहून कापायचा. सोसायटीवाले कुरकुरत. त्यांच्या कुरकुरीला त्याने कधी भीक घातली नाही.

मे महिन्यात हेंद्रेपाड्यातल्या एका सोसायटीने त्याला बोलावलं. कुंपणाजवळ मोठा उंबर होता. त्याची एक फांदी कोणाच्या तरी स्कूटरवर पडली होती आणि उरलेलं झाड इमारतीवर कललं होतं. पालिकेची परवानगी मिळाली होती. सोसायटीचा सेक्रेटरी हरेश, उल्हासनगरात कापडाचं दुकान असलेला सिंधी गृहस्थ, फायलीसकट हजर होता. तारा फांद्यांना लागून गेलेल्या, म्हणून लाइट बंद करून घ्यायची होती आणि ती शुक्रवारीच मिळणार होती.

अडचण बुडाशी होती. उंबर म्हणजे दत्ताचं ठाणं. सोसायटीने दहाएक वर्षांपूर्वी त्याच्याभोवती सिमेंटचा पार बांधला होता आणि बुंध्याला कंबरेइतक्या उंचीपर्यंत देवांच्या लाद्या चिकटवल्या होत्या. समोर दत्त, डावीकडे साईबाबा, उजवीकडे गणपती. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवाची लादी लावली की लोक थुंकायचे थांबतात, हे खरं आहे. पण झाडाच्या बुंध्याला लावली की झाडाला काय होतंय हे विचारायचेही थांबतात. पाणी आत मुरत राहतं, वरून अगरबत्ती फिरत राहते. पण मंत्र म्हणून देव हलवायला भटजी त्यानंतरच्या गुरुवारीच येणार होते. तेव्हा असं ठरलं की शुक्रवारी वरचं सगळं उतरवायचं आणि बुंधा देव हलल्यावर त्या गुरुवारी काढायचा.

शुक्रवारी सकाळी हिरामणने कोयता उलटा धरला आणि लाद्यांच्या वरून ठोकत फिरला. टण, टण. एके ठिकाणी आवाज जरा बसका आला. त्याने पाराकडे बघितलं.

"वेणू गो, ह्या चार लाद्या काढून बघतंय. बुडाला बघाला पायजे."

लग्नानंतर तीन वर्षं वेणूला मूल नव्हतं. दत्ताचे गुरुवार धरले, तेव्हा प्राची झाली. ती प्राची आता अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला जात होती आणि वेणूचा गुरुवार अजून सुटला नव्हता. झाडाची क्षमा तिने आदल्या संध्याकाळी मागितली होती. पण त्या लादीत दत्त बसलेला होता, तीन तोंडांनी तिच्याकडे बघत होता.

"अवो, देवावं कोयता घालता का? गुरवारी भटजी हलवतीलच. आज वरचाच काढाचा हाय ना?"

"ढब्ब असंल तं?"

"वर टण बोलतंय ना? नको, माझी शप्पथ हाय."

हिरामणने तिच्याकडे बघितलं. तो देवभोळा नव्हता, पण बायकोची शपथ मोडणारा नव्हता. त्याने कोयता कंबरेला अडकवला, पट्टा झाडाभोवती घेतला आणि चढला.

पहिल्या दोन फांद्या सुरेख उतरल्या. वेणूने दोर कोपऱ्यातल्या नारळाला वेढला होता. तिसरी फांदी जाड होती, इमारतीच्या बाजूला गेलेली. हिरामणने दोर वरच्या बेचक्यातून घातला, गाठ मारली आणि मशीन चालू करायच्या आधी थांबला. तिथून ओरडला, "वेणू! पाय ठेवला का हलल्यासारखा वाटतंय. बुडाशी बघ, काय फुटलाय का?"

वेणू पाराशी गेली. दत्ताच्या लादीखाली सिमेंटच्या सांध्यात केसाएवढी चीर होती. तिच्यातून मुंग्या बाहेर येत होत्या आणि काळा ओला भुसा पडला होता. चीर जुनी की आत्ताची, हे तिला कळेना. पायाशी दगड पडलेला होता. तो उचलून एक घाव घातला असता तर अर्धी लादी निघाली असती आणि आत काय आहे ते दिसलं असतं. दगड उचलायला ती वाकलीसुद्धा. पण लादीवरचे दत्ताचे पाय तिच्या डोळ्यांसमोर आले आणि तिने दगड तिथेच सोडून हात जोडले.

"नाय फुटला काय," ती म्हणाली आणि जाऊन दोर धरला.

मशीन बोलली. फांदी कडकडली, सुटली, दोराला लोंबली. वेणूने दोर सोडत सोडत घेतला, जसा बावीस वर्षं घेत आली होती. हिसका बसला नाही. त्या दिवशीही तिच्या हाताची काही चूक झाली नाही आणि हेच तिला पुढे सर्वांत जास्त छळणार होतं. फांदी जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असताना पाराकडून आवाज आला. लाकूड मोडल्याचा नव्हे, ओली माती ढासळल्यासारखा. लाद्या एकेक करून उडाल्या. इमारतीकडचं वजन गेलेला उंबर बुडातून सुटून कुंपणावर आडवा झाला आणि पट्ट्याने त्याला बांधलेला हिरामण त्याच्याबरोबर गेला. वेणूच्या हातातला दोर ढिला पडला.

दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता.

पोलीस आले, पंचनामा झाला, सोसायटीच्या गेटाशी दोन दिवस कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी उंबराच्या खोडावर हार घातला. आठवड्यात नारळांचा ढीग लागला. देव जागृत आहे, त्याच्या झाडाला हात लावणाऱ्याला त्याने जागेवर दाखवलं, अशी गोष्ट हेंद्रेपाड्यात सुरू झाली ती शहाडपर्यंत पोचली. वेणू एकदा आपले दोर आणायला तिथे गेली, तेव्हा तिने बुंध्याचं तोंड बघितलं. पोटात लाकूड नव्हतंच. चार बोटांची साल, आणि आत काळी माती, वाळवी, एक कुजका वास. एक मूल मांडी घालून बसेल एवढी पोकळी.

तेराव्याला वेणूच्या सासरच्या पाड्यावर माणसं जमली. हिरामणचा थोरला भाऊ भगवंत ओटीवर बसला होता. हरेशही आला होता, हात जोडून, खाली मान घालून. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मनावर ओझं होतं आणि ते कुठेतरी टाकायला तो जागा शोधत होता.

"ताई, सोसायटी में सब बोल रहे हैं, दत्ताची शांती करून घेऊ. पूरा सोसायटी करेगा. तुम्ही फक्त बसा पूजेला, हिरामणभाईच्या नावाने. माफी मागायची, बस."

"बरोबर हाय त्यांचा," भगवंत म्हणाला. "देवाचं झाड. पाप केलान, फेडलान. आता मागल्यांना नको भोगाया."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, हिरामणला देवाधर्माची चाड कधी नव्हतीच. वेणू भिंतीला टेकून ऐकत होती. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. देवाने नेला म्हटलं की हरेश सुटत होता, लाद्या लावणारे सुटत होते आणि वेणूही सुटत होती. शांतीला बसायचं, पदराने डोळे पुसायचे, आणि जन्मभर बिचारी म्हणून राहायचं. फक्त हिरामण पापी ठरत होता. जो माणूस ठोकल्याशिवाय कधी झाडावर चढला नाही, तो देवाचा गुन्हेगार म्हणून जाणार होता, आणि मेलेला माणूस काही उठून बोलणार नव्हता. वेणूला स्वतःची अशी किळस आली की ती उठून उभी राहिली.

"देवाने नाय मारला त्याला," ती म्हणाली. "बूड कुजला होता. लाद्या काढून बघतंय म्हनून तो बोलला. मी शप्पथ घातली. वर गेल्यावं परत विचारलान, बुडाला काय फुटलाय का. चीर होती. मी बघितली. नाय फुटला म्हनून सांगितला."

हरेशने डोळ्यांवर हात घेतला. मग भगवंत घसा खाकरून म्हणाला, "बाईच्या जिवाला धक्का बसलाय. काय बोलते तिचं तिला कळत नाय. पानं मांडा." आणि माणसं उठली, पत्रावळी मांडू लागली, कारण देवाचा कोप घेऊन जेवायला बसता येतं, हे घेऊन बसता येत नव्हतं.

एकट्या प्राचीने ऐकलं होतं. ती मधल्या घराच्या दारात भाताचं पातेलं धरून उभी होती. तिने ते खाली ठेवलं आणि आईजवळ आली.

"आई, झाड हलतंय हे बाबांना वर कळलं होतं?"

"हो."

"मग उतरले का नाहीत?"

वेणूला उत्तर माहीत होतं.

"मी सांगितला ना, काय नाय म्हनून," ती म्हणाली. "बावीस वर्षांत मी एकदा सांगितला का त्याने परत कधी खाली बघितला नाय."