मेहुणीच्या तोंडून साक्ष

फिनलंडच्या उत्तर टोकाला असलेल्या सेवेत्तियार्वी गावच्या येफिम सेमेनोफला लहानपणापासून एक खोड होती. कुणी काही ठामपणे सांगितलं की ते स्वतः करून बघितल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. हा दोर तुटणार नाही असं दुकानदार म्हणाला, की हा त्याला ओंडक्यांनी भरलेली घसरगाडी बांधून बघणार. उपासाची सवय झाली की भूक लागत नाही असं पाद्री म्हणाले, तर हा अख्खा उपास काटेकोर पाळून परत त्यांच्याकडे जाणार आणि सांगणार, "फादर, लागते." गाव त्याला हसायचं, पण होडीला नवीन इंजिन घ्यायचं झालं की सल्ल्याला त्याच्याच दारात यायचं.

त्याची बायको आन्नी म्हणायची, "स्वर्ग आहे म्हणून सांगितलंय, तेवढं तपासायची मात्र घाई करू नकोस हं."

शेवटी आन्नीच आधी गेली. अंत्यसंस्कारानंतर सगळे जेवायला बसले होते, तेव्हा तिची धाकटी बहीण वास्सा सगळ्यांसमोर येफिमला म्हणाली, "भावोजी, माझी ताई गेली आणि तिच्याबरोबर तुमच्या घरातली भाषाही गेली. पोरीला तुम्ही आपल्या भाषेतला साधा 'ये, बस'सुद्धा शिकवला नाहीत. तुमचा गर्व आडवा आला."

येफिमने चमचा खाली ठेवला, टोपी घेतली आणि तो घरी गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. गाव केवढंसं! एकच दुकान, एकच चर्च. रविवारी प्रार्थनेला वास्सा डावीकडे उभी राहायची, येफिम उजवीकडे, आणि बाहेर पडताना एक जण दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचा, पण तोंडातून शब्द नाही.

त्या भांडणाचं मूळ जुनं होतं. दोघंही गावातल्या वसतिगृहाच्या शाळेत शिकलेली. सगळं शिकणं फिनिशमध्ये, आणि घरची स्कोल्ट सामी, म्हणजे उत्तरेतल्या मूळच्या सामी लोकांच्या अनेक भाषांपैकी एक, बोलताना सापडलं की कोपऱ्यात उभं राहायचं. वास्सा त्या शाळेतून बाहेर पडली ती दात-ओठ खात. पुढे तिने लहान मुलांसाठी बालवाडी चालवली. तिथे दार बंद झालं की फिनिशचा एक शब्द चालायचा नाही. लोक त्याला भाषेचं घरटं म्हणायचे. येफिम बाहेर पडला तो मुका होऊन. आन्नीशी, म्हाताऱ्यांशी, कुत्र्याशी तो स्कोल्ट बोलायचा, पण मुलगी मारिका झाली आणि पाळण्यापासून तिच्याशी फिनिश, आन्नीलाही त्याने तेच करायला लावलं. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. आणि कधी नव्हे ते, याबाबतीत त्याने स्वतःही काही तपासून बघितलं नाही.

आन्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका एप्रिलात येफिम गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसला होता. तेवढ्यात दक्षिणेकडून सुट्टीला आलेला एक माणूस बर्फावर चालणारी स्नोमोबाईल भरधाव सोडत समोरच्या उतारावरून खाली आला आणि थेट शेजारच्या फेद्याच्या रेनडिअरच्या कळपात घुसला. माद्या गाभण होत्या. काही जागीच पडल्या, काही धावून धावून नंतर मेल्या. तो माणूस पोलिसांना म्हणाला, जनावरंच आडवी आली. दुसरं पाहणारं कुणी नव्हतं. येफिमला साक्षीला बोलावणं आलं.

त्याच आठवड्यात तो सकाळी कॉफी पीत रेडिओ ऐकत होता. जिनीव्हात संयुक्त राष्ट्रांसमोर फिनलंड सरकारच्या वतीने कुणी बाई बोलत होत्या. मानवी हक्क जपायला आणि वाढवायला आमचं सरकार वचनबद्ध आहे, असं त्या म्हणाल्या. सामी माणसाला कचेरीत आणि कोर्टात स्वतःच्या भाषेत बोलायचा हक्क आहे, मग त्याला फिनिश कितीही चांगलं येत असो.

येफिमने कप खाली ठेवला. "कितीही चांगलं येत असो," त्याने कुत्र्याला ऐकवलं. "असं म्हणतात बघ."

आणि कोर्टाला फोन लावला.

फोनवर एक मुलगी होती, आवाजावरून फार तर पंचविशीतली. "साक्ष स्कोल्टमध्ये द्यायचीय," येफिम म्हणाला, अर्थात फिनिशमध्ये.

"हो, चालेल," ती म्हणाली आणि जरा थांबली. "दुभाषा उत्तर सामी या दुसऱ्या सामी भाषेचा मिळाला तर चालेल का? तो लगेच मिळतो."

"तुझी साक्ष फिनिशऐवजी शेजारच्या एस्टोनियनमध्ये घेतली तर तुला चालेल का?"

"नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "मी शोधते."

येफिमला वाटलं होतं, ती टाळाटाळ करेल, निदान का म्हणून विचारेल. तिने काहीच विचारलं नाही. तो जरासा हिरमुसलाच. भांडायची तयारी करून गेलेल्या माणसाला कुणी दार उघडून आत बसवावं तसं त्याचं झालं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. खुशीत होती. "मिळाली. परीक्षा दिलेली, कोर्टात चालणारी. वास्सा गाउरिलोफ म्हणून आहेत, तुमच्याच गावच्या. तुम्ही ओळखत असाल."

येफिमने फोन दुसऱ्या कानाला लावला. "दुसरं कुणी?"

"एक गृहस्थ होते, पण त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. तुम्हाला वास्साबाईंबद्दल काही हरकत आहे का?"

स्कोल्ट बोलणारी माणसं सगळी मिळून तीनेकशे. त्यातली बरीचशी म्हातारी, आणि जवळजवळ सगळी एकमेकांची काही ना काही लागणारी. नको म्हणावं तर आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट करून न बघता सोडून दिल्यासारखं होणार होतं. आणि खरं सांगायचं तर, वास्सा काय करते हेही त्याला बघायचं होतं.

"हरकत नाही," तो म्हणाला.

सुनावणी कोर्टाच्या गावी, इवालोला होती. मारिका तिथेच दाताच्या दवाखान्यात कामाला. ती त्याला बसथांब्यावर घ्यायला आली आणि म्हणाली, "मी सुट्टी घेतलीय. मागे बसणार."

"रेनडिअरच्या खटल्यात तुला काय बघायचंय?"

"तुला बघायचंय. तू ती भाषा बोलतोस म्हणे. तू आईशी कुजबुजताना मी ऐकलीय, दाराआडून. समोर बसून कधी ऐकली नाही." ती हे तक्रार म्हणून बोलली नाही, गाडी वळवता वळवता सहज बोलली.

कोर्टाची खोली म्हणजे शाळेच्या वर्गासारखीच, फिक्या लाकडाची. वास्सा आधीच येऊन बसली होती. राखाडी जाकीट, छातीवर सणाचा ब्रोच. तिने मान हलवली, यानेही हलवली.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "दुभाषी आणि साक्षीदार यांचं काही नातं?"

"हे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान," वास्सा म्हणाली. "पण आमचं बोलणं नाही."

"बोलणं नाही?"

"बरीच वर्षं."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "आज जमेल?"

"आज मी माझं बोलणार नाहीये," वास्सा म्हणाली. "ते बोलतील तेच बोलणार आहे."

दोन्ही वकिलांनी हरकत घेतली नाही. दोघांच्या शपथा झाल्या.

येफिम उभा राहिला. तोंड उघडलं, आणि पहिल्या वाक्यातच त्याच्या लक्षात आलं की आपली जीभ जड झालीये. रोज ज्यांच्याशी बोलायचो ती माणसं एकेक करून गेली, आणि कुत्रा काही उलट उत्तर देत नाही. 'साक्षीदार'ला काय म्हणायचं ते आठवेना, तेव्हा 'बघणारा' म्हणून वेळ मारून नेली. पण तळं, उतार, कळप इथवर आला आणि शब्द एकामागून एक येऊ लागले. मादी कशी धावते, गाभण असली तर कशी, वारा कुठून होता. एकेक वाक्य संपलं की वास्सा सपाट, स्वच्छ फिनिशमध्ये म्हणायची: "मी तळ्यावर बसलो होतो. मी आवाज ऐकला. मी उभा राहून हात हलवला."

मेहुणी आपल्या तोंडाने 'मी बसलो होतो' म्हणतेय, हे ऐकून येफिमला आधी हसू आलं. मग तो कान देऊन ऐकू लागला. आपलं बोलणं दुसऱ्याच्या आवाजात ऐकताना ते खरं आहे की नाही हे जास्त नीट कळतं, असं त्याला वाटलं. एकदा तो 'गाडी फार वेगात होती' म्हणाला, तिच्या तोंडून ते ऐकलं, आणि स्वतःच म्हणाला, "थांबा. वेगात होती. 'फार' मला माहीत नाही."

आरोपीचा वकील तरुण होता, सभ्य होता. उलटतपासणीत त्याने विचारलं, "मिस्टर सेमेनोफ, पोलिसांशी तुम्ही उत्तम फिनिश बोललात. मग आज दुभाषी कशासाठी?"

"याचं उत्तर द्यायची तुमच्यावर सक्ती नाही," न्यायाधीशबाई लगेच म्हणाल्या. "तो तुमचा हक्क आहे."

वास्साने ते स्कोल्टमध्ये सांगितलं. येफिमला ते फिनिशमध्ये कळलं होतंच, पण आपल्या भाषेत 'तो तुमचा हक्क आहे' हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते कसं लागतं कानाला, याचा त्याने क्षणभर विचार केला.

"देतो उत्तर," तो म्हणाला. आणि थांबत थांबत, वास्साला जागा देत बोलला.

"सरकारने जगासमोर शब्द दिलाय, असं मी रेडिओवर ऐकलं. नवा बर्फ धरला की आम्ही काठीने ठोकून बघतो, आपलं वजन पेलतो का. तसं मी हे ठोकून बघतोय. दुसरं काही नाही."

वास्साने सांगितलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"मी सात वर्षांचा होतो तेव्हा मला फिनिश येत नव्हतं. तेव्हा कुणी मला विचारलं नाही, की बाबा रे, तुझ्या भाषेत सांगू का. आता फिनिश येतं, तर तुम्ही विचारताय, तेच का नाही बोलत."

वास्साने सांगितलं. वकिलाने मान खाली घातली. तो बिचारा त्या वेळी जन्मलाही नव्हता.

येफिमने तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याची नजर मागच्या बाकावर गेली.

"माझी मुलगी तिथे बसलीय. तिला ही भाषा मी दिली नाही. लोकांना वाटतं गर्वाने. गर्व कसला! मला भीती वाटली. तिला कोपऱ्यात उभं करतील, अशी भीती वाटली. मग शाळा बदलली, मास्तर बदलले, कायदा बदलला, आणि माझी भीती तेवढी तशीच राहिली. ती खरी आहे का, हे मी कधी तपासून बघितलं नाही."

सगळे वास्साकडे बघत होते.

"माझी मुलगी तिथे बसलीय," वास्सा म्हणाली. "तिला ही भाषा मी दिली नाही. लोकांना वाटतं, गर्वाने. गर्व..." तिने घसा साफ केला. "माफ करा. गर्व कसला. मला भीती वाटली." तिचा सपाट आवाज तिथे राहिला नाही. तिने पाण्याचा पेला उचलला, प्यायली नाही, परत ठेवला, आणि उरलेलं एकही वाक्य न गाळता शेवटपर्यंत सांगितलं.

"याचा खटल्याशी संबंध नाही, मला माहीत आहे," येफिम म्हणाला.

"नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण प्रश्न विचारला गेला होता."

बाहेरच्या पडवीत कॉफीचं यंत्र होतं. वास्सा त्याच्यापुढे उभी राहून कुठलं बटण दाबायचं ते बघत होती. येफिम जाऊन शेजारी उभा राहिला.

"साक्षीदाराला 'बघणारा' म्हणतात होय, भावोजी?"

"मग तू दुरुस्त का नाही केलंस?"

"मी दुभाषी म्हणून आले होते. मास्तरीण म्हणून नाही." तिने कप त्याच्या हातात दिला. मग यंत्राकडेच बघत म्हणाली, "जेवणाच्या ताटावर मी तसं बोलायला नको होतं."

"खरं काय ते मीही सांगितलं नव्हतं."

"मला सांगायला कोर्ट लागलं तुम्हाला."

"आणि सरकार," येफिम म्हणाला.

स्नोमोबाईलवाल्याला शिक्षा झाली, फेद्याला भरपाई मिळाली. ती वाजवी होती की कमी, यावर गावात दोन तट पडले आणि अजून आहेत. येफिमने मात्र आपलं तपासणं पुढे चालू ठेवलं. आरोग्य केंद्रात त्याने गुडघा स्कोल्टमध्ये दाखवायचं म्हटलं. तिथे दुभाष्याची वाट बघता बघता गुडघा आपोआप बरा झाला. एका सरकारी खात्याने मोठ्या दिलगिरीने उत्तर पाठवलं, ते भलत्याच सामी भाषेत. पेन्शनच्या ऑफिसातल्या बाईंनी मात्र फोनवर स्कोल्टमध्ये 'नमस्कार' म्हटला, आणि तेवढाच येतो अशी कबुलीही दिली. कुठे कसं झालं ते येफिम रविवारी चर्चनंतर वास्साच्या स्वयंपाकघरात बसून सांगायचा. ती चिडायची, तक्रार कर म्हणायची. त्याला चिडण्यापेक्षा पुढे काय होतं याचंच कुतूहल जास्त. एकदा तिने त्याचा हात धरून त्याला तक्रार करायला लावलीच, आणि आरोग्य केंद्राने महिन्यातून एक दिवस दुभाषी ठेवायचं ठरवलं. आता त्याला पुन्हा गुडघा दुखायची वाट बघावी लागत होती.

त्या हिवाळ्यात मारिकाने मोठ्यांच्या भाषावर्गात नाव घातलं. वडिलांना काही बोलली नाही. शिकवणारी वास्सा मावशी, तीही बोलली नाही. फेब्रुवारीत एका संध्याकाळी येफिम जाळं विणत बसला होता, तेव्हा फोन वाजला.

"बाबा," पलीकडून मारिका एकेक शब्द सावकाश जोडत स्कोल्टमध्ये म्हणाली, "मी उद्या येते. मासे साफ करून ठेव."

येफिमला नीट ऐकू आलं होतं.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं. "पुन्हा सांग."