शी मॅडम

दुसऱ्याचं बघून उतरवलेलं जर्नल मॅडम दोन बोटांत धरायच्या. घरात मेलेला उंदीर सापडला की शेपटीला धरून बाहेर नेतात, तसं. नाकपुड्या आक्रसायच्या, तोंडातून फक्त ‘शी’ निघायचं आणि जर्नल ज्याचं त्याच्या बाकावर जाऊन पडायचं. मानवतच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात सगळे त्यांना शी मॅडम म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं.

अकरावीला मानसशास्त्र आम्ही घेतलं ते मार्क पडतात म्हणून. प्रयोग न करता आकडे भरले तरी चालतं, असं वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं. निरर्थक शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि समोरच्याला त्यातले किती आठवतात ते मोजायचं, असा एक प्रयोग होता. आमच्या सगळ्या वर्गाला बरोबर आठच शब्द आठवले होते. मॅडम म्हणाल्या, “हे उष्टं आहे. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्लंय तुम्ही.” मग एकेकाला समोर बसवून त्यांनी तो प्रयोग पुन्हा करून घेतला.

‘येडा’ हा शब्द तर त्यांना बिलकुल सहन व्हायचा नाही. एकदा निरीक्षण करायला त्यांनी आम्हाला एसटी स्टँडवर बसवलं. तिथं एक माणूस स्वतःशी बोलत फेऱ्या मारत होता. बहुतेकींनी वहीत लिहिलं, एक येडा फिरायलाय. मॅडम म्हणाल्या, “येडा दिसत नसतो. जे दिसलं ते लिहा.” तेव्हा कुणाला आठवलं की त्याच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. कुणाला आठवलं की तो प्रत्येक गाडीची पाटी मोठ्यानं वाचत होता. मला काहीच आठवलं नाही. मी त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं.

बारावीत ताणतणावाचा धडा आला. मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या मनावरचा एक ताण कागदावर लिहा, नाव घालू नका. माझ्या शेजारी रुक्मिण बसायची, माझ्याच गाडीनं यायची. हे तिचं खरं नाव नाही आणि तिचं गावही मी सांगणार नाही. तिनं आईच्या मनाच्या आजाराबद्दल लिहिलं होतं. मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे आले की आईला घरात कसं ठेवतात, तेही लिहिलं होतं. त्याहून जास्त मी इथं लिहिणार नाही.

एका दुपारी मी हजेरीपट आणायला स्टाफरूममध्ये गेले. मॅडम वर्गावर होत्या. त्यांच्या कपाटातून आमच्या त्या कागदांचा गठ्ठा काढून इतिहासाचे एक ज्येष्ठ सर चहा पिता पिता वाचून दाखवत होते, आवाज बदलून, हातवारे करून. अक्षर ओळखून त्यांनी रुक्मिणचं नावही घेतलं. बाकीचे हसत होते. सरांनी माझ्याकडं पाहिलं, थांबले मात्र नाहीत. मीही हसले. संध्याकाळी गाडीत रुक्मिण पुढं बसली होती, मी मागच्या सीटवर दोन मैत्रिणींना सांगितलं. बहिणीची सोयरीक ठरत आली होती. पुढच्या बाजारच्या दिवसापर्यंत ती मोडली. रुक्मिण कॉलेजला यायची बंद झाली.

कागद वाचल्याचं कानावर आल्यावर मॅडम प्राचार्यांकडं गेल्या. सर ज्येष्ठ आहेत, विषय वाढवू नका, असं त्यांना ऐकवण्यात आलं. मॅडम तासिकेवर होत्या, कायम नव्हत्या. तरीही त्या दोनदा लेखी तक्रार देऊन आल्या. हे कळल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि गाडीत मीच सांगितलं, हे कबूल केलं. त्या शी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “आज तुझं तोंड मला बघवत नाही. उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी त्या मला रुक्मिणच्या घरी घेऊन गेल्या. तिच्या आईनं चहा आणला. नखांत माती होती आणि अंगठा कपात बुडालेला होता. माझा कप हातातच राहिला. मॅडमनी त्यांचा कप सावकाश पिऊन खाली ठेवला. रुक्मिण माझ्याकडंच बघत होती. “तूच सांगितलंस का?” तिनं विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, “मग आता हेबी सांग, माझी माय चहा लय चांगला करती.” मी प्याले. रिकामा कप मॅडमच्या कपाशेजारी ठेवला.

परतताना मॅडम म्हणाल्या, “हिच्याकडं जात जा. माफी मागायला नको, नुसतं जात जा.” मी तीन-चारदा गेले. मग परीक्षा आली, पुढं परभणीला बी.ए., आणि जाणं राहिलं. रुक्मिण परीक्षेला बसली नाही. मॅडमना पुढच्या वर्षी तासिका मिळाल्या नाहीत.

आता मीही मानसशास्त्र शिकवते. मागच्या वर्षी त्या सरांचा निरोप समारंभ झाला. विद्यार्थ्यांचं मन ओळखणारे, अशी त्यांची ओळख करून दिली गेली. माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला उठवलं. सगळंच सांगावं असं वाटलं. पण तसं केलं तर तो कागद मी पुन्हा सगळ्यांपुढं वाचून दाखवल्यासारखं झालं असतं. एवढंच म्हणाले, “सर, तुम्ही एकदा स्टाफरूममध्ये एका मुलीचा कागद वाचला होता. तो वाचायला नको होता, आणि मी हसायला नको होतं.” सरांनी हसून हात जोडले. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “रुक्मिण कशी आहे?” मला माहीत नव्हतं.

त्या रविवारी मी गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, माय वारली, पोरगी नांदेडला कुठंतरी कामाला हाय. मी पुन्हा मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, घर बंद आहे.

“मग नांदेडचा पत्ता काढ,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.